एका अर्थाचीं अनेक रूपें

इंग्रजी शिकूं लागलेल्या विद्यार्थ्याची पहिली तक्रार बहुधा स्पेलिंगाविषयीं असते. दुसरी तक्रार त्याहून खोल असते. तो विचारतो, "एकाच गोष्टीला ह्या भाषेंत इतके शब्द कशाला? 'बिगिन' आहे, मग 'स्टार्ट' कां? 'स्टार्ट' आहे, मग 'कमेन्स' कां?" ही तक्रार आम्हीं महाडच्या बाजारपेठेंत राहणाऱ्या मुलांच्या तोंडून ऐकली आहे, आणि पोलादपूरच्या पलीकडील वाड्यांतून रोज एस. टी.नें येणाऱ्या मुलांच्या तोंडूनहि ऐकली आहे. पालकांचेंहि म्हणणें पुष्कळदां हेंच असतें. एक शब्द पाठ होतो न होतो तोंच दुसरा पुढें उभा राहतो, आणि मुलगा घाबरून जातो. तक्रार खोटी नाहीं. परंतु तिचें उत्तर शोधूं लागल्यावर आम्हांस असें दिसून आलें कीं, विद्यार्थी ज्याला ओझें समजतो तीच ह्या वाटेवरची खरी शिदोरी आहे. आणि ती कशी वापरावी हें शिकण्यासाठीं आमच्या महाड-पोलादपूरच्या मुलांस फार दूर जावयास नको. रायगडापासून चवदार तळ्यापर्यंतचा आमचा मुलूखच तो धडा देण्यास समर्थ आहे.

आरंभ पाण्यापासून करूं. तहान लागली असतां पाणी मागावयाचें, एवढाच अर्थ. इंग्रजींत तो किती प्रकारांनीं सांगतां येतो तें पाहा. "गिव्ह मी वॉटर," ही सरळ आज्ञा झाली. "प्लीज गिव्ह मी सम वॉटर," हीहि आज्ञाच, पण विनयाचा पदर घेतलेली. "कॅन यू गिव्ह मी सम वॉटर?" आणि "कुड यू गिव्ह मी सम वॉटर?" ह्या दोहोंत आज्ञा जाऊन तिच्या जागीं प्रश्न आला. त्यांतहि 'कुड' हें रूप भूतकाळाचें दिसत असलें तरी येथें काळाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. ऐकणारास नकार देण्यास थोडी अधिक जागा ठेवणें, एवढेंच त्याचें काम. "मे आय हॅव सम वॉटर?" ह्यांत देणारा बाजूस राहिला आणि मागणारा परवानगी मागूं लागला. "वुड यू माइंड गिव्हिंग मी सम वॉटर?" ह्याचा शब्दशः अर्थ, "मला पाणी देण्यास आपली कांहीं हरकत आहे काय?" असा होतो, म्हणून देणारा 'नो' म्हणतो आणि पेला पुढें करतो! नवशिक्या मुलांस ह्याची मोठी गंमत वाटते. आणि शेवटीं "आय ॲम रादर थर्स्टी," म्हणजे "मला जराशी तहान लागली आहे," ह्या वाक्यांत तर पाण्याचें नांवहि नाहीं, मागणेंहि नाहीं. यजमान सुज्ञ असेल तर तेवढ्यानेंच उठतो.

तहान एकच, पाणी एकच. मग बदललें तें काय? बोलणारा कोण, ऐकणारा कोण, आणि दोघांमध्यें अंतर किती, हें बदललें. आई मुलास पहिलें वाक्य म्हणेल आणि त्यांत कोणासहि उणें वाटणार नाहीं. तेंच वाक्य परक्या घरीं गेलेला वाटसरू म्हणेल तर घरचीं माणसें एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतील.

आमच्या मराठींत हा चढउतार नाहीं असें नव्हे. "पाणी दे", "पाणी द्या", "जरा पाणी देतां का", "घोटभर पाणी मिळेल का" ह्या पायऱ्या आमच्या घरोघरीं आहेत. मात्र आमच्या भाषेंत मानाचें बरेंचसें काम 'तूं', 'तुम्ही' आणि 'आपण' हीं सर्वनामें व त्यांच्यामागून येणारीं क्रियापदांचीं रूपें करतात. इंग्रजींत आज एकटें 'यू' उरलें आहे. थोरामोठ्यांना तेंच, लहान मुलालाहि तेंच. पूर्वीं त्या भाषेंतहि 'दाउ' असें निराळें एकवचनी सर्वनाम होतें. तें नित्याच्या प्रमाण बोलण्यांतून मागें पडलें. सर्वनामानें खालीं ठेवलेलें तें काम मग 'प्लीज', 'कुड', 'वुड', 'मे' ह्या शब्दांनीं उचललें. हें ध्यानांत न घेतां आमचा मुलगा शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करतो आणि "गिव्ह मी वॉटर" म्हणतो. त्याच्या मनांत 'द्या' असतें, आणि ऐकणाराच्या कानावर 'दे' पडतें. मुलगा उद्धट नसतो. पण त्याचें वाक्य उद्धट ठरतें. तेव्हां 'कुड' आणि 'वुड' हे नुसते व्याकरणाचे खेळ नव्हत. इंग्रजीचें 'अहो-जाहो' त्यांतच आहे.

आतां हे इतके शब्द आले कोठून, तें पाहूं. १०६६ सालीं नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम ह्यानें इंग्लंड जिंकलें. त्यानंतर कित्येक पिढ्या राजदरबारांत फ्रेंच, देवळांत व विद्वानांच्या लेखणींत लॅटिन, आणि शेतांत व चुलीपाशीं जुनी इंग्रजी, असा प्रकार चालला. पुढें हे तिन्ही प्रवाह एकत्र आले, आणि एका अर्थाला तीन-तीन शब्द मिळाले. विचारणें ह्या एका क्रियेला 'आस्क' हा घरगुती शब्द, 'क्वेश्चन' हा फ्रेंचमधून आलेला, आणि 'इंटरॉगेट' हा लॅटिनचा. वाटसरू वाट विचारतो तें 'आस्क'. एखाद्याच्या म्हणण्याविषयीं शंका घेऊन विचारणें तें 'क्वेश्चन'. आणि पोलीस अधिकारी संशयितास समोर बसवून विचारतो तें 'इंटरॉगेट'. राजाचें ह्या अर्थीं 'किंग्ली', 'रॉयल' आणि 'रीगल' हे तीन शब्द असेच जमले. मेंढी रानांत चरत असते तोंवर ती 'शीप', आणि तिचें मांस ताटांत आलें म्हणजे 'मटन'. कारण राखणारा गुराखी इंग्रजी बोले आणि खाणारा सरदार फ्रेंच बोले, असें सांगतात. कादंबरीकार स्कॉट ह्यानें हा विचार 'आयव्हॅन्हो'मध्यें मोठ्या मौजेनें मांडला आहे.

ह्या शब्दांची अदलाबदल करून पाहिल्यास त्यांचा स्वभाव लवकर कळतो. आमचे विद्यार्थी सहलीला जातात तेव्हां पाचाडाहून रायगड चढतात. त्यांनीं निबंधांत "वी क्लाइंब्ड रायगड" असें लिहिलें तर तें अगदीं योग्य. धापा, घाम आणि पायऱ्या सर्व त्यांत आलें. परंतु ६ जून १६७४ रोजीं त्याच गडावर श्रीशिवछत्रपति सिंहासनारूढ झाले, हें सांगतांना कोणी 'क्लाइंब' हें क्रियापद वापरील तर डोळ्यांपुढें उंच खुर्चीवर चढणारें लहान मूल उभें राहील. तेथें 'असेंड' हाच शब्द हवा. चढणें दोन्हीकडे आहे. पण एकाला पाय पुरतात, दुसऱ्याला अधिकार लागतो. पीटर मार्क रोजे नांवाच्या एका डॉक्टरांनीं अशा समानार्थी शब्दांचे अर्थवार गट पाडून १८५२ सालीं आपला 'थिसॉरस' प्रसिद्ध केला. तो ग्रंथ आजहि सुधारून छापला जातो. मात्र आमची विद्यार्थ्यांस एक सूचना आहे. तशा कोशांत एका रांगेंत बसलेले शब्द सख्खे भाऊ असतील, पण एकाचा अंगरखा दुसऱ्यास बसतोच असें नाहीं.

मराठी माणसानें ह्याचें फार नवल करूं नये. आमच्या भाषेंतहि देशी, संस्कृत आणि फारसी असे थर एकावर एक बसलेले आहेत. आम्ही विनंतीहि करतों आणि अर्जहि करतों. न्यायहि मागतों आणि इन्साफहि मागतों. माणूस मेला, वारला, निवर्तला, देवाघरीं गेला, कालवश झाला, कैलासवासी झाला, ह्या सर्वांचा अर्थ एकच. परंतु शेजाऱ्याचें मांजर कैलासवासी झालें असें कोणी म्हणत नाहीं, आणि वडील माणसाविषयीं 'मेला' म्हटलेलें कोणास सोसत नाहीं. इंग्रजींतहि 'डाइड', 'पास्ड अवे', 'एक्स्पायर्ड' असे शब्द आहेत. त्यांतील शेवटचा शब्द औषधाच्या बाटलीवरहि छापलेला असतो, हें लक्षांत ठेवून मग तो सांत्वनाच्या पत्रांत घालावा कीं नाहीं तें ज्याचें त्यानें ठरवावें.

आणि ह्या बाबतींतला सर्वांत थोर दाखला तर आमच्या तालुक्याच्याच डोंगरावर घडला. राज्याभिषेकाबरोबर अष्टप्रधानांचीं पदें संस्कृत नांवांनीं ओळखलीं जाऊं लागलीं. पेशवे ते मुख्य प्रधान, मुजुमदार ते अमात्य, सुरनीस ते सचिव, वाकनीस ते मंत्री, डबीर ते सुमंत, सरनोबत ते सेनापति. पुढें महाराजांच्या आज्ञेनें रघुनाथ पंडितांनीं 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध केला, आणि दरबारांतील फारसी व दखनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. जमाखर्च पाहण्याचें काम मुजुमदारास होतें तेंच अमात्यास राहिलें. अर्थांत तसूभरहि फरक पडला नाहीं. मग हा खटाटोप कशासाठीं? राज्य आतां कोणाचें आहे, हें त्या नव्या शब्दांतून प्रत्येक कागदावर दिसावें, ह्यासाठीं. त्या सोहळ्याच्या वेळीं ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्सिंडेन हा रायगडावर हजर होता, आणि नारायण शेणवी नांवाचे दुभाषी इंग्रजांचें काम पाहत होते. एकाचें मनोगत दुसऱ्याच्या भाषेंत उतरवितांना कोणता शब्द घ्यावा आणि कोणता टाळावा, ह्या अडचणी त्यांच्यापुढेंहि उभ्या राहिल्या असतील. आमच्या इंग्रजीच्या तासाला येणारी अडचण त्याच जातीची आहे.

शब्दांचें झालें, आतां वाक्यांकडे वळूं. परीक्षेंत 'सूचनेप्रमाणें वाक्य बदला' हा प्रश्न येतो, आणि त्याचे गुण हुकमी म्हणून मुलें सूत्रें घोकून ठेवतात. "ॲज सून ॲज द बस स्टॉप्ड, द बॉइज गॉट इन." हेंच 'नो सूनर' घालून लिहा: "नो सूनर डिड द बस स्टॉप दॅन द बॉइज गॉट इन." 'हार्डली' घालून लिहा: "हार्डली हॅड द बस स्टॉप्ड व्हेन द बॉइज गॉट इन." गुण मिळतात आणि विषय संपतो. परंतु ह्या तिहींचें मराठी करून पाहा. "गाडी थांबतांच मुलें चढलीं," हें पहिलें वाक्य. "गाडी थांबते न थांबते तोंच मुलें चढलीं," हीं पुढचीं दोन. पहिल्या वाक्यांत मुलें वक्तशीर आहेत. पुढच्या दोहोंत त्यांची झुंबड उडाली आहे, आणि कंडक्टर ओरडतो आहे. तसेंच, "द रिव्हर इज टू डीप टु क्रॉस," आणि "द रिव्हर इज सो डीप दॅट वी कॅनॉट क्रॉस इट." आषाढांतील सावित्री पाहिलेल्या मुलास दोन्ही वाक्यें सारखींच खरीं वाटतील. पण पहिल्यांत नदी खोल आहे एवढेंच आहे. दुसऱ्यांत 'वी' आलें, आणि न उतरूं शकणारे आपण आहों हें कळलें. कदाचित् नाववाला उतरूं शकेल.

ह्याहून महत्त्वाचा प्रकार कर्तरी आणि कर्मणि प्रयोगांचा. घरांत काच फुटली म्हणजे मूल सांगतें, "काच फुटली." "मीं काच फोडली," असें तें सांगत नाहीं. व्याकरण न शिकतांच त्याला कर्त्याला वाक्याबाहेर ठेवण्याची विद्या अवगत असते! मोठ्या माणसांना ही विद्या इंग्रजींत फार उपयोगी पडते. "मिस्टेक्स वेअर मेड," म्हणजे "चुका झाल्या," असें म्हटलें कीं चुका करणारा कोण हें सांगण्याचें कारण उरत नाहीं.

ह्याचें एक गंभीर उदाहरण आम्हां सर्वांस ठाऊक आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं मुंबई-गोवा महामार्गावरील महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिश काळांतील जुना पूल पुरांत कोसळला, आणि दोन एस. टी. गाड्या प्रवाशांसह नदींत गेल्या. ती गोष्ट इंग्रजींत किती रीतींनीं सांगतां येते पाहा. "द ब्रिज फेल," म्हणजे पूल पडला. येथें पूल आपणच पडला. "द फ्लड स्वेप्ट अवे द ब्रिज," म्हणजे पुरानें पूल वाहून नेला. येथें कर्ता पूर झाला. "द ब्रिज वॉज स्वेप्ट अवे," म्हणजे पूल वाहून गेला. येथें पूर असूनहि वाक्यांत दिसत नाहीं. आणि "द ब्रिज हॅड ग्रोन ओल्ड," म्हणजे पूल जुना झाला होता. येथें पूर मागें सरला आणि काळ पुढें आला. हीं चारी वाक्यें एकाच रात्रीविषयीं आहेत. पण प्रत्येक वाक्य ऐकल्यावर मनांत उठणारा पुढचा प्रश्न निराळा आहे. पूल कां पडला? पाणी किती आलें? जुन्या पुलाची निगा कशी राखावी? जो विद्यार्थी हीं वाक्यें सारखीं समजतो, त्याला हे प्रश्न सुचणार नाहींत. वाक्य बदलण्याच्या प्रश्नाला परीक्षेंत थोडेच गुण असतील, पण तो प्रश्न एवढा क्षुल्लक नाहीं.

कित्येक विद्यार्थ्यांस असें वाटतें कीं, अनेक शब्दांपैकीं जो सर्वांत लांब तोच सर्वांत चांगला. म्हणून रजेच्या अर्जांत ते "आय मोस्ट हंबली अँड रिस्पेक्टफुली बेग टु स्टेट" असा आरंभ करतात; ताप आल्याची गोष्ट चौथ्या ओळींत येते. "आय हॅव फीव्हर. प्लीज ग्रँट मी लीव्ह फॉर टू डेज," एवढें पुरेसें आहे, आणि त्यांत मानहि राखला गेला आहे. जड शब्दाची जागा मुळींच नाहीं असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. रायगडाच्या पायथ्याशीं असलेल्या नाते गांवीं १४ जानेवारी १८९६ रोजीं जन्मलेले चिंतामणराव देशमुख हे १९१८ सालीं लंडन येथील आय. सी. एस. परीक्षेंत पहिले आले, आणि १९४३ ते १९४९ पर्यंत रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते; त्या पदावरील ते पहिले भारतीय. त्या काळच्या नोटांवर त्यांची सही आहे, आणि सहीच्या वर धारकास अमुक रक्कम देण्याचें वचन आहे. तेथें 'गिव्ह' नव्हे तर 'पे', 'से' नव्हे तर 'प्रॉमिस', आणि 'मॅन' नव्हे तर 'बेअरर' हाच शब्द आहे. 'गिव्ह' म्हणजे देणगीहि होईल. 'पे' म्हणजे देणें असलेलें चुकतें करणें. तेथें साधा शब्द चालत नाहीं, कारण साध्या शब्दानें अर्थ ढिला होतो. जड शब्द घ्यावा तो अशा कामासाठीं; शोभेसाठीं नव्हे.

आतां पुन्हां पाण्याकडे येऊं. पाणी मागण्याचीं जीं वाक्यें आम्हीं वर दिलीं, तीं सर्व पाहुण्याचीं वाक्यें आहेत. पाणी दुसऱ्याचें आहे आणि तें देणें न देणें त्याच्या खुषीवर आहे, हें त्यांत गृहीत धरलेलें आहे. परंतु पाणी सर्वांचें असेल तर? तेव्हां कोणती भाषा बोलावी, ह्याचें उत्तर महाडनें दिलेलें आहे.

१९२३ सालीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत रावबहादूर सी. के. बोले ह्यांचा ठराव मंजूर झाला, कीं सार्वजनिक पैशानें बांधलेलीं किंवा चालविलेलीं पाणवठ्याचीं ठिकाणें, विहिरी व धर्मशाळा त्या वेळीं 'अस्पृश्य' म्हणविल्या जाणाऱ्या लोकांस खुल्या असाव्या. त्यास अनुसरून १९२४ सालीं महाडच्या म्युनिसिपालिटीनें चवदार तळें खुलें केल्याचा ठराव केला. कागदावर 'ओपन' हा शब्द आला. प्रत्यक्षांत ओंजळभर पाणी घेण्यास कोणी धजत नव्हतें. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारों माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्या दिवशीं कोणीं "मे आय हॅव सम वॉटर?" म्हटलें नाहीं. इंग्रजींत 'आस्क', 'रिक्वेस्ट', 'बेग', 'डिमांड' आणि 'क्लेम' असे मागण्याचे पांच शब्द आहेत. उपकार मागावयाचा असतो तेथें पहिले तीन. आपलें असलेलें परत घ्यावयाचें तेथें 'क्लेम'. महाडची गोष्ट 'क्लेम' ह्या शब्दाची आहे.

पुढें हें प्रकरण कोर्टांत गेलें. तळें वापरण्याचा हक्क चालत आलेल्या वहिवाटीनें फक्त सवर्णांस आहे, असें फिर्यादींचें म्हणणें होतें. पुष्कळ दिवसांची वहिवाट आणि अनादि वहिवाट, हे दोन शब्दप्रयोग घरच्या बोलण्यांत आम्ही एकाच अर्थानें वापरूं. कायद्यांत त्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. 'लाँग स्टँडिंग' म्हणजे फार दिवसांची. 'इममेमोरियल' म्हणजे जिच्या आरंभाची आठवण कोणासहि नाहीं अशी. इंग्लंडच्या कायद्यानें तर १२७५ सालीं ह्या आठवणीची मर्यादाहि घालून दिली, ती ११८९ सालापर्यंत मागें जाते. १७ मार्च १९३७ रोजीं मुंबईच्या हायकोर्टानें निकाल दिला कीं, फिर्यादी म्हणतात तशी अनादि वहिवाट सिद्ध झालेली नाहीं. दहा वर्षांच्या वादाचा निकाल लागतांना हा एक शब्द काट्यावर तोलला गेला. समानार्थी शब्द पाठ करतांना "दोहोंचा अर्थ एकच" असें वहींत लिहून मोकळे होणाऱ्या विद्यार्थ्यानें ह्या एका शब्दाचें वजन मनांत आणावें.

बाबासाहेबांनीं १९२७ सालींच ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' हें पाक्षिक सुरू केलें तें मराठींत; कारण बोलावयाचें होतें तें आपल्या लोकांशीं. सरकारदरबारीं आणि न्यायासनापुढें त्यांनीं आपली बाजू मांडली ती इंग्रजींत, आणि त्या इंग्रजींत 'बेग' ह्या शब्दाला फारशी जागा नव्हती. २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या १७ व्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली. तेथें 'अबॉलिश' हें क्रियापद आहे. 'डिस्करेज' म्हणजे उत्तेजन न देणें, 'रिड्यूस' म्हणजे कमी करणें, असेहि शब्द भाषेंत होते; परंतु त्यांनीं तें काम झालें नसतें.

तेव्हां विद्यार्थिमित्रांनो, एकाच अर्थाचीं अनेक रूपें पाहून घाबरूं नका, आणि तीं सर्व एकसारखीं समजून हवीं तशीं उधळूंहि नका. इंग्रजी वाक्य लिहितांना स्वतःस तीन प्रश्न विचारा. मी हें कोणास सांगत आहें? करणारा कोण, आणि तो माझ्या वाक्यांत दिसतो आहे काय? मी उपकार मागत आहें कीं हक्क सांगत आहें? ह्या तीन प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं म्हणजे दहा शब्दांतून हवा तो एक शब्द आपण होऊन पुढें येतो. सराव म्हणून रोज एक साधें वाक्य घ्या, तें चार रीतींनीं लिहा, आणि प्रत्येक वाक्य कोण कोणास म्हणेल हें त्याच्यापुढें मराठींत नोंदवा. वर्षाअखेर तुमच्या वहींत शेंकडों वाक्यें होतील, आणि इंग्रजी परकी वाटेनाशी होईल.

पालकांस आमची एकच विनंती आहे. घरीं इंग्रजी येत नाहीं म्हणून आपण मुलास मदत करूं शकत नाहीं, असें त्यांनीं मानूं नये. 'दे' कोठें आणि 'द्या' कोठें, 'मेला' कोठें आणि 'वारले' कोठें, "काच फुटली" केव्हां आणि "मीं फोडली" केव्हां, हें ज्या घरांत मुलाला मराठींत नीट शिकविलें जातें, त्या घरांतील मुलाचा इंग्रजीचा निम्मा अभ्यास शाळेंत येण्यापूर्वींच झालेला असतो. उरलेला निम्मा आम्ही करून घेऊं.